ओट्याची उंची

बसडेपोतल्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा, ड्युटीबाईचं नाव काढलं की तो आधी शर्टाचं वरचं बटण लावणार आणि मग बोलणार. कोणाची गाडी कुठल्या मार्गावर, कोण खरा आजारी, कोण खोटा आजारी, कोणाची सासू यंदा पुन्हा एकदा वारली, सगळं तिच्या डोक्यात. काचेच्या खिडकीमागे बसून ती ड्युट्या लावायची. दांडगे दांडगे गडी खिडकीपुढे हात चोळत उभे राहायचे.

अशी ही जबर बाई घरी गॅससमोर उभी राहिली, की हिला काही म्हणजे काही जमायचं नाही. भात ठेवला तर खालून करपायचा आणि वरून कच्चा राहायचा. अंडं उकडायला टाकलं तर पाण्याचंच सूप व्हायचं. चहाबद्दल न बोललेलं बरं. ज्याने एकदा घेतला त्याने पुन्हा मागितला नाही, एवढंच सांगते.

आणि तरीही मित्रमैत्रिणींत तिचं नाव काय, तर सुगरण. तोंडावर सुगरण, पाठीमागेही सुगरण. हसू नका, तिला या नावाने पुढे फार रडवलं.

झालं होतं असं. लग्नानंतर तिची पाळी पहाटेची. पहिली गाडी सुटायच्या आधी ती डेपोत हजर, आणि सगळं निस्तरून घरी यायला संध्याकाळ. नवरा सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचा, दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम, त्यामुळे स्वभाव आपसूक गप्प झालेला. उंटासारखा उंच, शर्टाच्या बाह्या कायम आखूड. तो दुपारी घरी यायचा आणि स्वयंपाकघरात शिरायचा. कोणी शिकवलं नव्हतं. त्याला ते आवडायचं, संपलं. ती घरी आली की ओट्याशेजारी एक खुर्ची टाकून बसायची आणि दिवसभराच्या डेपोच्या भानगडी सांगायची. तो ढवळत ढवळत ऐकायचा. हसू आलं की पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायचा. टक टक. ते त्याचं हसणं.

मग एकदा चार पाहुण्यांबरोबर हेडबाई जेवायला आली. ही ड्युटीबाईची शाळेपासूनची मैत्रीण, पुढे स्वतःच शाळेची मुख्याध्यापिका झाली, म्हणून हेडबाई. बोलणं असं, की समोरचा माणूस आपोआप रांगेत उभा राहतो. पहिल्याच घासाला तिने डोळे मिटले आणि विचारलं, हे कोणी केलं? नवरा दारात पळी घेऊन उभा. एवढ्या माणसांनी एकदम आपल्याकडे पाहिल्यावर त्याचे कान लाल झाले. त्याने पळी बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘हिच्या हातचं आहे.’

पाहुणे गेल्यावर तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, ‘अगं, कळलं तर सगळे आत येऊन बोलत बसतील. मला तिथे शांत राहू दे. कौतुक तू घे, मला नको.’ आणि दोघं पोट धरून हसले.

तेव्हापासून तो खेळच झाला. पाहुणे आले की ती बाहेर ‘अगं काही नाही, साधंच केलंय’ म्हणायची आणि आतून टक टक ऐकू यायचं. नवराबायकोत असं एखादं गुपित असावं लागतं, नाहीतर एवढी वर्षं काढायची कशी. मुलाला माहीत होतं, अर्थात. तो बाबांच्या हातचं खाऊनच वाढला. पण त्यालाही लहानपणीच तंबी दिलेली.

नवरा गेला, आणि खेळातला एकच गडी उरला.

तिची संध्याकाळ फार वाईट जायची. सवयीने ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जाऊन बसायची आणि समोर गार ओटा. तोही तिच्या कामाचा नाही, नवऱ्याने आपल्या उंचीप्रमाणे फळी टाकून वर घेतलेला, हिच्या पार छातीशी येणारा. पाव आणि केळी खाऊन ती झोपायची. मुलगा म्हणायचा, आई, इकडे ये, एक खोली आहे. ती खोली तिने पाहिली होती. इस्त्रीचं टेबल, नातवाची सायकल आणि त्यांच्यामध्ये आई. सून गुणाची, अगदी प्रेमाने म्हणाली, ‘आई, तुम्ही नुसत्या बसून राहा, काही करू नका.’ पण नुसतं बसून राहायचं म्हणजे काय, ते ड्युटीबाईला संध्याकाळी संध्याकाळी कळत होतं. ती धसकलीच.

त्यामुळे हेडबाईने जेव्हा गावाबाहेरच्या जमिनीची गोष्ट काढली, तेव्हा हिला बुडत्या माणसासारखं झालं, हाताला काहीतरी लागल्यासारखं. पाच-सहा जणांनी मिळून माळावरची जागा घ्यायची. प्रत्येकाचं छोटं घर, आपापलं दार, आपापली कडी. पण अंगण एक, विहीर एक आणि संध्याकाळचं जेवण एकत्र. हेडबाई त्याला सहनिवास म्हणायची. सुतारभाऊ ‘आपली चाळ’ म्हणायचा. सुतारभाऊ म्हणजे खरोखरचा सुतार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, तोही चांगला लांबलचक. शिवाय एक नर्सबाई होती, आयुष्यभर इस्पितळात रात्रपाळ्या केलेली, आणि बागेचं वेड असलेलं एक जोडपं. एवढीच मंडळी. एकमेकांना म्हातारपणी ‘जेवलीस का’ विचारणारं कोणीतरी असावं, एवढाच हेतू.

जागेवर एक बंद पडलेली कोंबड्यांची शेड होती. तिचंच सामायिक स्वयंपाकघर करायचं ठरलं. कितीही झाडलं तरी कुठूनतरी एखादं पीस गिरक्या घेत खाली यायचं.

आणि त्याच बैठकीत हेडबाईने जाहीर केलं, ‘घराघरात वेगळी स्वयंपाकघरं कशाला? चहापुरती जागा ठेवू. आपल्याकडे सुगरण आहे. मुदपाकखाना तिच्या ताब्यात. आपण वरकाम करू.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. नर्सबाईने तर टाळी वाजवली.

तेव्हाच बोलायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही तिच्या जागी असता तर बोलला असता? तोंड उघडायचं म्हणजे नुसतं ‘मला येत नाही’ नाही. ‘इतकी वर्षं तुम्हाला फसवलं’ हे म्हणायचं. ज्या लोकांच्या शेजारी म्हातारपण काढायचं, त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगायचं. ती म्हणाली, ‘चालेल.’

आता या मंडळींचा ‘चालेल’ फार जड बरं का. त्यांचा नियमच होता, प्रत्येक गोष्टीला प्रत्येकाने मोठ्याने ‘चालेल’ म्हणायचं. एकजण जरी गप्प राहिला तरी काम थांबणार. पायखान्याच्या कडीचा रंग ठरायला आख्खा रविवार गेला होता. त्यामुळे एकदा म्हटलेला ‘चालेल’ परत घेणं म्हणजे बांधलेली भिंत पाडण्यासारखंच.

मग सुरू झाली तिची गुपचूप शिकवणी. खिडक्या लावून ती भात टाकायची, म्हणजे वास बाहेर जायला नको. एकदा कांदा असा जळला की शेजारचे काका विचारायला आले, ताई, वायर जळतेय का? तिने हो म्हणून सांगितलं आणि बिचाऱ्यांनी वायरमनला बोलावलं. वायरमन आला, सगळी बटणं तपासली, भिंती हुंगल्या, आणि जाताना म्हणाला, तुमच्या घरात कांद्याचा शॉर्ट सर्किट आहे.

हसली ती, आणि पुन्हा भात टाकला. जागेवरचं काम पुढे सरकत होतं. पायथे झाले, खांब उभे राहिले. हेडबाई रोज फोन करून सांगायची आज काय झालं. डेपोत असताना हिने एवढे खोटारडे पकडले होते, की खोटं बोलणाऱ्याचा चेहरा तिला पाठ. आता आरशात तोच चेहरा दिसायचा.

शेवटी तिने मुलाला फोन केला. ओट्याचं काम आहे, सगळे येणार आहेत, गाडीने सोडशील का, आणि हो, बाबांचं काही बोलू नकोस.

 मुलगा म्हणाला, ‘आई, बाबा असताना ठीक होतं. त्यांना आवडायचं लपायला. आता ते नाहीत, आणि त्यांच्या हातचं सगळं तुझ्या नावावर जमा होतंय. एका तरी माणसाला कळू दे ना, की ते करायचे.’

‘मला घर हवंय रे तिथे,’ ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

‘आपल्याकडे खोली आहे,’ मुलगा म्हणाला.

‘हो, सायकलची,’ ती म्हणाली, आणि मग दोघांनाही वाईट वाटलं.

मुलाने तिला जागेवर आणलं. शेडमध्ये सगळे जमले होते. बागवाल्या जोडप्याने बाहेर सावलीला सतरंजी घातली होती. कोपऱ्यात छोटी शेगडी, पातेलं, कांदे, वाटाणे, तांदूळ, असं सामान रचून ठेवलेलं. पहिलं जेवण इथेच, आणि अर्थातच सुगरणीच्या हातचं. ते सामान दिसताच ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

पण त्याआधी ओटा. सुतारभाऊचा एक कायदा होता. सिमेंट ओतायच्या आधी प्रत्येक वस्तू खऱ्या माणसावर बेतून बघायची. कागदावरच्या मापाला तो विचारायचाच नाही. न्हाणीघरात उठताना धरायच्या दांडीची उंची ठरवायला त्याने हेडबाईला अंगभर कपड्यांत पालथ्या बादलीवर बसवलं होतं आणि ‘आता उठा’ म्हणून सांगितलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना उठबस करायला लावणारी हेडबाई चारदा उठली, चारदा बसली. नर्सबाई ते आठवून अजून हसते.

‘या वहिनी,’ सुतारभाऊ म्हणाला. ‘उभ्या राहा, आणि नेहमीसारखा स्वयंपाक करा. हवेतच. हात जिथे चालतील तिथे मी फळी धरतो.’

सगळे कौतुकाने गोल करून उभे राहिले.  मोकळ्या हातांनी स्वयंपाक करायचा, आणि तिला तर भरल्या हातांनीही येत नव्हता. काय करतात आधी? कुठे उभं राहतात? घाबरून तिने डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले आणि तिला तो दिसला. रोज संध्याकाळी खुर्चीतून दिसायचा तसाच.

तिने खांद्यावर नसलेला पंचा टाकला. उजवा हात वर गेला, कोपर बाहेर, आणि संथ फिरू लागला. डाव्या हाताने झाकण उचललं आणि चष्म्यावर वाफ येऊ नये म्हणून मान बाजूला केली. तिला चष्मा नाही. चिमटीने काहीतरी वरून सोडलं, वाकून वास घेतला, मान हलवली, पुन्हा सोडलं. सुतारभाऊ फळी वर घेत गेला, अजून वर, अजून वर. तिने पळी काठावर आपटली. टक टक.

कोणीतरी फिसकन हसलं, तेव्हा तिने डोळे उघडले. फळी तिच्या छातीशी होती.

‘वहिनी,’ सुतारभाऊ म्हणाला, ‘हा ओटा आहे की माळा? तुम्हाला शिडी करून देऊ का?’

सगळे हसले, तीही हसली, घशातून हसली. ‘चुकलं हो, पुन्हा घ्या,’ म्हणाली. त्याने फळी तिच्या कोपराला बेताची होईल अशी खाली आणली. आता डोळे उघडे ठेवूनच करायचं होतं. आणि उघड्या डोळ्यांनी तिला काहीच येईना. हात फळीवर नुसते ठेवलेले, जसे बँकेच्या खिडकीवर ठेवतात तसे. तिने थोडं ढवळल्यासारखं केलं. हेडबाईच्या कपाळावर ती शाळेतली आठी आली, गणिताचं उत्तर बरोबर पण रीत चुकलेली दिसली की यायची ती.

‘काका,’ मुलगा मागून म्हणाला.  ‘पहिली उंची बरोबर होती. ती बाबांची आहे.’

सुतारभाऊने फळी खाली ठेवली.

हेडबाई हुशार. तिला अर्धं कळलं, आणि अर्ध्यातच तिने मैत्रिणीला वाचवायला दोर टाकला. ‘म्हणजे ते मदत करायचे हिला, असंच ना?’

बघा, किती सोपं होतं. हो म्हणायचं, डोळे पुसायचे, गेलेल्या माणसाची आठवण आली म्हणायचं. सगळे पाठीवरून हात फिरवणार. घरही राहणार, नावही राहणार. ड्युटीबाईने मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याची मान अगदी त्याच्या बाबांसारखी खाली गेली होती, कौतुक नको असताना जायची तशी. पण याला हवं होतं, बापासाठी.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मदत मी करायचे. वाटाणे सोलायचे. तेही कधी कधी.’

मग सगळंच सांगितलं. पळी हातात दिल्यापासूनचं. डेपोत एखादा ड्रायव्हर चूक कबूल करतो तसं, सरळ उभं राहून, हात बाजूला ठेवून.  सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं मोकळं वाटेल. कसलं मोकळं. उलट आता पुढचा धोंडा कधी पडतो याची वाट बघणं आलं.

पहिली बोलली नर्सबाई. ‘ताई, लाज वाटते सांगायला, पण मी राहती जागा सोडायला तयार झाले ती तुमच्या जेवणावर. आयुष्यभर इस्पितळाच्या डब्यातलं खाल्लंय.’ बागवाली म्हणाली, तिला पिकवता येतं, शिजवता येत नाही. तिच्या नवऱ्याने मान हलवून दुजोरा दिला, जरा जास्तच जोरात. हेडबाईकडे तर जन्मभर स्वयंपाकाच्या बाई होत्या. हळूहळू एक एक करून सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. सहनिवासाचा आख्खा डोलारा एका स्वयंपाकघरावर उभा, आणि स्वयंपाक कोणालाच येईना. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर आलेला.

हेडबाईचा चेहरा लालबुंद. ‘आणि मी?’ ती म्हणाली. ‘मी इतकी वर्षं शाबासकी कोणाला देत होते? तो माणूस तिथे आत उभा असायचा, आणि मी बाहेर बसून तुझे गोडवे गात होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुझं उदाहरण दिलंय मी, नोकरी करून घर कसं सांभाळावं म्हणून.’

ड्युटीबाई तशीच सरळ उभी राहिली.

‘काम थांबवा,’ हेडबाई म्हणाली. ‘ओटा ओतायचा नाही. माझा “चालेल” नाही.’ आणि ती बाहेर जाऊन वाळूच्या ढिगाऱ्यापलीकडे पाठ करून उभी राहिली.

मुलाने आईचा हात धरला. आपण बोललो ते बरोबर की चूक, हे त्याला कळत नव्हतं, तोंडावर दिसत होतं. ‘चल आई, आपल्या घरी,’ तो म्हणाला. ती निघाली. विरोध केला नाही. गाडीपाशी जाऊन मागच्या सीटवर बसली, पाय बाहेरच. तिला ती खोली दिसत होती. इस्त्रीचं टेबल दुमडून कुठे ठेवता येईल याचा ती विचार करू लागली होती, म्हणजे बघा.

इकडे शेडमध्ये पोटं रिकामी, आणि भांडण झालं म्हणून भूक थोडीच थांबते. सुतारभाऊ विटा रचत होता. विटांवर विटा, वर फळी, फळीवर शेगडी. पहिल्या उंचीलाच. त्याच्या स्वतःच्या कोपराला ती बरोब्बर बसत होती. त्याने कांदा चिरला, म्हणजे करवतीने ओंडका कापावा तसा कापला. पातेलं ठेवलं, तेल ओतलं आणि कांदा आत लोटला.

गाडीतून ड्युटीबाईला काही दिसत नव्हतं. पण कान टवकारले गेले. कांदा आत लोटताना सुरी खरवडली, पण पुढे चर्र झालं नाही.

‘अहो भाऊजी,’ ती तिथूनच म्हणाली, ‘तेल तापलं नाही. काढा तो.’

‘कसं कळलं?’

‘बोललंच नाही ना ते.’

त्याने कांदा झाऱ्याने बाहेर काढला. थोड्या वेळाने पुन्हा टाकला. चर्र झालं. तिने ऐकलं, मान वाकडी करून ऐकलं. मग तिचे पाय आपोआप गाडीतून उतरले. मुलाने विचारलं कुठे, तर ती म्हणाली, ‘आच मोठी ठेवलीय त्याने, मला इथपर्यंत वास येतोय.’

तिने एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि फळीच्या डाव्या अंगाला जरा तिरकी टाकली, घरी असायची तशी. बसली. ‘आता हलवू नका, असू द्या. कड लाल होऊ द्या. अजून नाही. अजून नाही. आता.’ ती सांगेल तसं सुतारभाऊ हलवत होता. कधी तिला आठवायचं, कधी नाही. वाटाणे टाकल्यावर झाकण ठेवायचं की नाही, इथे ती अडली. डोळे मिटले, आणि त्याची बाजूला वळलेली मान आठवली. ‘ठेवा झाकण.’ पाण्याचा अंदाज चुकला. मसाल्याची पुडी नर्सबाईने घाईत जास्तच उघडली. भात त्यांनी दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा बघायचा राहिला.

हात मात्र तिने कशालाच लावला नाही. एकदा पळी पुढे केली सुतारभाऊने, तर तिने हात मागे घेतले. ‘नको. मी हात लावला की बिघडतं.’

जेवण बरं झालं. बरं म्हणजे बरंच, थोर काही नाही. भात जरा चिकट. सगळे सतरंजीवर बसले. हेडबाई अजून वाळूपाशी. तिला बोलवायला कोणी धजेना. शेवटी मुलगा ताट घेऊन गेला आणि तिच्या हातात देऊन आला. तिने उभ्याउभ्याच खाल्लं, पाठमोरी. ड्युटीबाईचा घास तोंडातच फिरत होता. तिला तो कसा लागला, हे आजही सांगता यायचं नाही. ती फक्त हेडबाईच्या पाठीकडे बघत होती. पाठ काही सांगत नव्हती.

बऱ्याच वेळाने हेडबाई रिकामं ताट घेऊन आली.

‘त्याच्यासारखं नाही,’ ती म्हणाली.

‘नाहीच,’ ड्युटीबाई म्हणाली.

‘पण कांदा त्याचा आहे.’ हेडबाई शेडमध्ये गेली आणि त्या तिरक्या खुर्चीकडे कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘इथे बसायचीस तू?’

‘रोज.’

‘आणि तो गप्प?’

‘गप्पच. हसायचा फक्त.’ आणि तिने फळीवर बोटाने वाजवून दाखवलं. टक टक.

हेडबाईचा चेहरा जरा हलला. आता तिला काय काय आठवलं असेल. बाहेरच्या खोलीत बसून ऐकलेला तो आवाज तिलाही ओळखीचा निघाला. ‘मला वाटायचं तुझं गॅसवरचं भांडं हलतंय,’ ती म्हणाली. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. ‘सुतारा, पहिल्या उंचीने ओटा काढ. स्वयंपाक तू करशील, बाकीचे पाळीपाळीने शिकतील. बुटक्यांना पाट दे. पाळ्या ही लावेल, तेवढं तरी हिला येतं का ते बघू. आणि इथे शेजारी जागा सोड, दोन खुर्च्यांची.’

‘दोन कशाला?’ नर्सबाईने विचारलं.

‘एक माझी. मला त्या माणसाबद्दल सगळं ऐकायचंय. इतकी वर्षं घरात जाऊन माणूस ओळखला नाही, हेडबाई म्हणवते मी.’ मग ड्युटीबाईकडे बोट करून, ‘रागावलेली आहेच मी. लगेच हसू नकोस.’

ती हसत नव्हती. तिची हिंमतच नव्हती. ती वाट बघत होती, एका शब्दाची. सगळ्यांना कळत होतं कुठल्या. नर्सबाई म्हणाली, चालेल. बागवाले दोघं म्हणाले, चालेल. सुतारभाऊने मापाची फीत दातात धरली होती, त्याने मान हलवली, पण नियम म्हणजे नियम, त्याला फीत काढून म्हणावं लागलं. हेडबाईने पदराने कपाळ पुसलं, पत्र्याकडे पाहिलं, एक पीस गिरक्या घेत खाली येत होतं ते पूर्ण खाली येईपर्यंत पाहिलं.

‘चालेल,’ ती म्हणाली.

मग सुतारभाऊने ड्युटीबाईला पुन्हा खुर्चीत बसवलं, कारण त्याचा कायदा. ‘नेहमीसारख्या बसा.’ ती बसली. गुडघ्यापासून ओट्यापर्यंत त्याने माप घेतलं. या वेळी तिला काही आठवावं लागलं नाही.

परतीच्या वाटेवर मुलगा गाडी चालवत होता आणि ती पुढे बसली होती. तो मध्येच म्हणाला, ‘वाटाणे बरे झाले होते.’ त्याने तीनदा वाढून घेतलं होतं, तिने पाहिलं होतं. तिने हूं केलं. तिच्या कपाळावर आठी होती. घर मिळालं, मैत्रीण राहिली, तरी ही बाई स्वस्थ बसेल तर शपथ.

‘ऐक ना,’ ती म्हणाली. ‘मीठ बाबा कांद्याबरोबर घालायचे, की नंतर?’

‘मला काय माहीत. मी जेवायला बसायचो.’

‘आणि ती भोपळ्याची भाजी, त्यात शेवटी काय घालायचे? काहीतरी घालायचे. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा.’

‘आठवेल.’

‘नाही आठवलं तर?’

मुलाने गिअर बदलला. ती खिडकीला डोकं टेकवून बसली आणि डोळे मिटले. कुठला डबा, पत्र्याचा की काचेचा, ते आवाजावरून कळतंय का, हे ऐकत राहिली.